वरच्या पट्ट्यातल्या मुंग्या

आईची मालिका आणि बाबांच्या बातम्या एकाच वेळी लागत. त्यावर उपाय म्हणून 2006 च्या पावसाळ्यात मी पुण्यातल्या आमच्या घरी, मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलं. कार्ड जुनं, मित्राकडून आलेलं. मधोमध ब्रूकट्रीची 878 चिप, आणि केबलची पिन जिथे शिरते त्या टोकाला एक पत्र्याची बंद डबी. कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. कार्ड ओळखलं गेलं, चित्र आलं. सह्याद्री वाहिनी अगदी स्वच्छ.

आवाज मात्र शून्य. खरखरसुद्धा नाही, आणि हा फरक महत्त्वाचा होता. खरखर आली असती, तर कार्ड आवाजाची लहर चुकीच्या जागी शोधतंय असं मानता आलं असतं. आपल्याकडच्या पाल-बी पद्धतीत चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहर 5.5 मेगाहर्ट्झवर असायची, इंग्लंडमध्ये 6 वर. तिकडून कौतुकाने आणलेल्या टीव्हीवर इथे चित्र छान दिसायचं आणि आवाजाच्या जागी नुसती फरफर ऐकू यायची, ती त्या अर्ध्या मेगाहर्ट्झमुळे. माझ्याकडे संपूर्ण शांतता होती, म्हणजे आवाज तयार होऊनही वाटेत कुठेतरी अडत होता. या जातीच्या कार्डातून आवाज एका बारीक वायरने साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये जातो. वायर नीट बसलेली होती. आवाजाचा मिक्सर उघडला, तर लाइन-इन म्यूट. एक टिचकी मारली आणि निवेदिकेचा आवाज खोलीत आला.

मग आईचं चॅनेल लावलं. पडदाभर मुंग्या.

मुंग्या म्हणजे सिग्नल नाही, किंवा फारच कमी. पहिला संशय अर्थातच केबलवर गेला. दुसऱ्या दिवशी केबलवाला आला, मीटर लावून बघितलं आणि म्हणाला, “साहेब, लाइन एकदम ओके आहे. तुमच्या मशीनमध्येच काहीतरी आहे.” मला ते पटलं नाही. घरात आलेली वायर मी स्प्लिटर लावून दोन खोल्यांत वाटली होती. अशा वाटणीत प्रत्येक फाट्याला निम्म्याहून कमीच ताकद मिळते. म्हणून स्प्लिटर काढून वायर थेट कार्डात खोचली. मुंग्या तशाच. तीच वायर हॉलमधल्या टीव्हीला लावली, तर आईचं चॅनेल झकास. केबलवाल्याचं बरोबर होतं.

पावसाळी हवेत कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो, म्हणून कार्ड काढून त्या खोडरबराने घासल्या. शेजारच्या स्लॉटमध्ये लावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. खरं तर व्हायचाही नव्हता. स्लॉटचा संपर्क बिघडला असता तर सह्याद्रीचं चित्र तरी धड का आलं असतं? कार्ड सेकंदाला 25 चित्रं मेमरीत ओततं, म्हणजे पूर्ण आकारात सुमारे 22 मेगाबाइट. तो सगळा लोंढा त्याच पट्ट्यांवरून बिनचूक येत होता. हातात स्क्रू-ड्रायव्हर असला की डोकं मागे पडतं, हे मला त्या रात्री कळलं.

कार्ड परत मूळ जागी बसवलं आणि वही घेतली. एकेक चॅनेल लावायचं, वारंवारता लिहायची, पुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’. तासभर तेच. यादी निम्म्यापर्यंत येईतो सगळे ‘आहे’ होते. साधारण साडेचारशे मेगाहर्ट्झ ओलांडले आणि तिथून पुढे एकजात ‘नाही’. मध्ये एकही अपवाद नाही. दूरदर्शनच्या वाहिन्या का दिसत होत्या, तेही आता कळलं. केबलवाल्यांनी त्या प्राइम बँडमध्ये, म्हणजे खालच्या वारंवारतांवर दाखवायच्या असा तेव्हा कायदाच होता. आईचं खासगी चॅनेल पार वर होतं.

वायर किंवा जोड खराब असता, तर चित्र वर जाताना हळूहळू विटत गेलं असतं. इथे एका रेषेपर्यंत उत्तम आणि तिच्यापुढे काहीच नाही. अशी रेष झिजलेल्या वस्तूत पडत नाही. ती कुणीतरी आखलेली असते.

ती आखलेली होती पत्र्याच्या डबीत, म्हणजे ट्यूनरमध्ये. केबलमधून सगळी चॅनेलं एकाच वेळी वाहत असतात; त्यांतलं हवं ते उचलून, ते कुठल्याही वारंवारतेवरचं असो, 38.9 मेगाहर्ट्झ या एकाच ठरलेल्या जागी आणून ठेवणं हे डबीचं काम. एवढा मोठा पल्ला एका मंडलाला झेपत नाही, म्हणून आत तीन पट्टे असतात: खालचा व्हीएचएफ, वरचा व्हीएचएफ आणि यूएचएफ. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, डबीला दोन तारांवरून मोजके बाइट पाठवतो. त्यांत वारंवारतेचा आकडा असतो आणि कुठला पट्टा चालू करायचा याची खूण असते. ही खूण सगळ्या कारखानदारांची सारखी नसते. काहींच्या पहिल्या दोन पट्ट्यांच्या खुणा जुळतात आणि तिसऱ्याची निराळी असते. डबीला स्वतःचं नाव सांगता येत नाही. ड्रायव्हर कार्डावरून अंदाज बांधतो. लिनक्सच्या बीटीटीव्ही ड्रायव्हरच्या यादीत शंभरहून अधिक कार्डं आहेत, ट्यूनरची यादी वेगळीच.

कार्ड पुन्हा बाहेर काढलं. डबीवर विक्रेत्याच्या वॉरंटीचं चिकटपत्र होतं. ते कोमट ओल्या कापडाने भिजवून नखाने सोललं, तेव्हा खाली कारखान्याचं लेबल निघालं. त्यावरचा मॉडेल क्रमांक आणि ड्रायव्हरने धरलेला क्रमांक वेगळे होते. इतका वेळ ड्रायव्हर दुसऱ्याच डबीच्या खुणा पाठवत होता. पहिले दोन पट्टे योगायोगाने लागत होते, तिसरं दार उघडतच नव्हतं.

ड्रायव्हर उतरवला, ट्यूनरचा खरा क्रमांक देऊन पुन्हा चढवला, तोच क्रमांक सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवला. टीव्हीटाइम हा प्रोग्रॅम उघडून आईचं चॅनेल लावलं. जाहिराती चालू होत्या. आईला हाक मारली. ती हात पुसत आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “आवाज थोडा वाढव.”

पुढे सात वर्षं ते कार्ड चाललं. 2013 साली पुण्यातली केबल डिजिटल झाली आणि अ‍ॅनालॉग वाहिन्या गेल्या. या वेळी मुंग्या तिन्ही पट्ट्यांत होत्या आणि डबीत शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण डबीच्या शेजारी पिवळी पिन आहे. तिच्यातून येणारं चित्र डबीला वळसा घालून थेट 878 चिपमध्ये जातं. आता नातेवाइकांच्या लग्नामुंजींच्या व्हीएचएस टेपा मी त्या पिनेतून उतरवून घेतो. व्हीसीआरचा आवाज अजूनही लाइन-इनमधूनच येतो, त्यामुळे टेप सुरू करण्याआधी मिक्सर उघडून बघतो.