राइट क्लिक, इन्स्पेक्ट

वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी साधनांची कमतरता नाही. फोटोचं वजन उतरवणारं गुगलचं स्क्वूश, वेबसाइटची जुनी रूपं जपून ठेवणारं वेबॅक मशीन, यादी लांबत जाते आणि तिच्यातलं बरंचसं खरोखर उपयोगी आहे. पण वेब बनवण्याशी ज्याचा काडीचा संबंध नाही त्याने एकच साधन शिकायचं म्हटलं, तर ते डाउनलोडसुद्धा करावं लागत नाही. संगणकावर क्रोम, फायरफॉक्स किंवा एज उघडून कुठल्याही पानावर राइट क्लिक करा आणि ‘इन्स्पेक्ट’ निवडा. एक चौकट उघडते आणि समोरचं पान कशाकशाचं बनलंय ते दिसू लागतं. या चौकटीच्या ‘डेव्हलपर टूल्स’ या भारदस्त नावामुळे सामान्य माणूस तिकडे फिरकत नाही. माझ्या मते नेटवर बातम्या वाचणाऱ्या आणि पैशांचे व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला याची तोंडओळख हवी, कारण स्क्रीनवर दिसतं त्यावर कितपत विसंबायचं हे समजायला याहून सोपी सोय नाही.

हा उघडेपणा वेबच्या घडणीतच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत तयार केलेला पहिला ब्राउझर पानं दाखवायचा, तशी लिहूही द्यायचा. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांना मोफत खुलं केलं. वेबपान आपल्याकडे येतं ते मजकूर आणि सूचनांच्या रूपात. ते रंगवण्याचं काम आपला ब्राउझर करतो. त्यामुळे जे पाठवलं गेलं ते सगळं वाचणाऱ्याच्या ताब्यात असतं. २००६ साली जो ह्युइट यांच्या फायरबगने फायरफॉक्समध्ये चालतं पान तपासण्याची आणि जागच्या जागी बदलून पाहण्याची सोय केली, आणि आज तशी सोय संगणकावरच्या प्रत्येक प्रमुख ब्राउझरमध्ये मुळातच असते.

ही गोष्ट ठाऊक नसली की काय होतं, ते अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात दिसलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या ‘सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच’च्या एका पत्रकाराच्या लक्षात आलं की शिक्षण खात्याच्या वेबसाइटच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ मजकूर-सूचनांमध्ये, शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिथले खाजगी ओळख-क्रमांक, पडून आहेत. वृत्तपत्राने आधी खात्याला कळवलं, माहिती काढली जाईपर्यंत बातमी थांबवली. तरीही राज्यपाल माइक पार्सन यांनी पत्रकाराला हॅकर ठरवून खटल्याची भाषा केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला. क्रमांक थोड्या सांकेतिक रूपात होते खरे, पण ते खात्यानेच प्रत्येक वाचकाच्या संगणकावर पाठवले होते. याची उलट बाजू आपल्या रोजच्या व्यवहारातली. इन्स्पेक्टमध्ये कुठल्याही आकड्यावर डबल क्लिक करून तो बदलता येतो. बँकेच्या पानावरची हजाराची शिल्लक दहा लाख दिसू लागते, आणि पान पुन्हा लोड करेपर्यंत तशीच राहते. हे एकदा स्वतः करून पाहिलेला माणूस ‘पैसे भरलेत, हा स्क्रीनशॉट’ या पुराव्यावर माल सोडणार नाही.

मराठी वाचकाला इथे एक खास गंमत सापडते. इन्स्पेक्टच्या अगदी वरच्या ओळींमध्ये सहसा पानाची भाषा नोंदलेली असते: मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’. मजकूर मराठी पण नोंद हिंदी किंवा इंग्रजी, असं असू शकतं. ती नोंद तिथल्या तिथे बदलून पाहा. फाँटमध्ये मराठी वळणं असतील, तर पानभर ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा होतो. शेजारच्या ‘नेटवर्क’ विभागात पान पुन्हा लोड केलं की ते कुणाकुणाकडून काय मागवतंय याची ओळीने नोंद होते, आणि खाली एकूण किती मेगाबाइट आले तेही. चार परिच्छेदांच्या बातमीमागे जाहिरातींचे आणि पाळत ठेवणारे किती पाहुणे येतात, ते इथे कळतं.

आजचा कोड इतका आक्रसून पाठवतात की तो वाचताच येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण आकडा बदलायला, भाषेची नोंद पाहायला किंवा पाहुणे मोजायला कोड वाचावा लागत नाही. शिवाय बदल फक्त आपल्या स्क्रीनवर होतो, मूळ वेबसाइटला धक्का लागत नाही. धोका आहे तो ‘कन्सोल’ विभागात. ‘ही ओळ तिथे पेस्ट करा, कुणाचंही खातं उघडेल’ असं सांगणारे भामटे असतात, आणि ती ओळ पेस्ट करणाऱ्याचंच खातं त्यांच्या हाती जातं. फेसबुकने तर आपल्या कन्सोलमध्ये मोठ्या अक्षरांत थांबण्याचा इशाराच लिहून ठेवला आहे. अनोळखी ओळ तिथे पेस्ट करायची नाही, एवढं पथ्य पाळलं तर बाकी चौकट बिनधास्त धुंडाळावी.

खरी अडचण वेगळीच आहे. बहुतेकांचं इंटरनेट मोबाइलवर चालतं आणि मोबाइलच्या क्रोममध्ये इन्स्पेक्ट नाही. अँड्रॉइड फोनवरचं पान असं तपासायचं तर फोन केबलने संगणकाला जोडावा लागतो, त्याआधी सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी डीबगिंग चालू करावं लागतं. छोट्या स्क्रीनवर एवढी माहिती मावत नाही, ही सबब मला पटत नाही. निदान पान कुणाकुणाशी बोलतंय एवढी यादी दाखवायला फोनची उंची पुरेशी आहे.