साडेचार एकरांची वाइन

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात वाइनला नाव मिळते ते द्राक्षाच्या जातीवरून नव्हे, तर जमिनीच्या तुकड्यावरून. शतकांच्या अनुभवाने सीमा ठरलेल्या अशा तुकड्याला तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. वोन-रोमाने गावाच्या वरच्या अंगाची रोमाने-कोंती ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध बाग केवळ 1.81 हेक्टरची, म्हणजे जेमतेम साडेचार एकरांची असून तिच्यात पिनो न्वार ही एकच जात आहे. पूर्वेकडचा सौम्य उतार, चुनखडकावरची लोहयुक्त तपकिरी माती आणि उत्तम निचरा यांना या वाइनच्या थोरवीचे श्रेय दिले जाते व ते रास्तही आहे; परंतु पावसाने वाहून गेलेली माती टोपल्यांतून पुन्हा वर नेऊन टाकण्याचे काम बर्गंडीच्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असल्यामुळे, या श्रेयात मजुरांच्या पाठीचाही वाटा धरावा लागतो.

पिनो न्वारचा घड मुठीत मावेल एवढा लहान आणि मणी परस्परांना इतके चिकटलेले, की त्या घट्ट बांधणीमुळे जातीचे नाव पाइनच्या शंकूवरून पडल्याचे मानतात. साल पातळ असल्याने घडात ओल अडकली की एक मणी कुजतो आणि शेजारच्यालाही कुजवतो. खरड छाटणी व गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करणाऱ्या नाशिकच्या बागायतदाराला येथील वेळापत्रक रिकामे वाटेल, कारण थंडीत वेल पूर्ण विसावते आणि मुख्य छाटणी एकदाच होते. मात्र तीत डोळे मुद्दाम कमी राखून पीक आवरले जाते. मशागतीला घोडा जुंपतात, कारण ट्रॅक्टरच्या वजनाने माती दबते.

हाताने तोडलेले घड निवडून, बहुतांशी देठांसकट, लाकडी टाक्यांत जातात. देठ हिरवे असले तर वाइन कडवट होते, म्हणून ही पद्धत देठही पिकण्याची वाट पाहणाऱ्यालाच परवडते. मण्याचा रस जवळजवळ रंगहीन असतो, सारा रंग सालीत. किण्वन, म्हणजे यीस्टकडून साखरेचे अल्कोहोल होणे, सुरू झाले की कर्बवायूच्या रेट्याने साली वर येऊन जाड थर धरतात आणि तो थर पुनःपुन्हा खाली दाबल्यानेच रंग व तुरटपणा रसात उतरतो. पुढे ही वाइन ओकच्या नव्या, 228 लिटरच्या पिंपांत सुमारे दीड वर्ष मुरते.

एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळे शोषणाऱ्या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा बहुतेकांनी अमेरिकी खुंटावर कलमे बांधली; रोमाने-कोंतीत मात्र जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचून जुन्या, बिनकलमी वेली जगवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात ते रसायनही मिळेना आणि माणसेही. 1945 च्या हंगामात जेमतेम 600 बाटल्या निघाल्या, त्यानंतर सगळ्या वेली उपटल्या गेल्या, आणि शेजारच्या ला ताश बागेतील काड्यांपासून केलेली लागवड 1947 मध्ये झाली. तिची पहिली वाइन 1952 ची. त्या 600 पैकी एक बाटली ऑक्टोबर 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 5,58,000 डॉलरना विकली गेली, तेव्हा तिच्या वेली नाहीशा होऊन सात दशके उलटली होती.