साताऱ्याहून मुरूड : मोटारसायकलीचा एक लांब दिवस

मित्रांबरोबर मोटारसायकलीवरून लांब जाण्याचा बेत कोणी घरांत बोलून दाखविला, म्हणजे बहुतेक कुटुंबांत दोन पक्ष पडतात. 'एस. टी. काय वाईट आहे?' असें वडीलधाऱ्यांचा पक्ष विचारतो. 'हल्लीं सगळेच जातात', हें तरुण पक्षाचें उत्तर ठरलेलें असतें. मधल्या पिढीला दोन्ही बाजूंना मान डोलवावी लागते. या वादांत चर्चा होते ती वेगाची. ती व्हावीच; पण वेगाइतकेच महत्त्वाचे दुसरे दोन प्रश्न सहसा कोणी काढीत नाहीं. दिवस किती लांब धरला आहे? आणि मंडळींत जो सर्वांत सावकाश, त्याच्या शब्दाला किती मान आहे? गेल्या कार्तिकांत आम्हीं पांच मित्रांनीं साताऱ्याहून दापोलीजवळच्या मुरूडपर्यंत प्रवास केला. त्याची हकीकत या दोन प्रश्नांच्या अनुरोधानें वाचकांपुढें ठेवीत आहें.

हीच वाट निवडण्याला कारण होतें. मुरूड हें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव. १८७५ सालीं, वयाचें सतरावें वर्ष पुरें झालें असतां, सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठीं ते मित्रांसह मुरूडहून साताऱ्यास पायीं गेले. अंतर सुमारें ११० मैलांचें. वाट डोंगराची आणि दिवस पावसाळ्याचे. चार दिवस चालून साताऱ्यास पोंचल्यावर परीक्षकांनीं त्यांची लहानखुरी चण पाहिली, वय पुरें दिसत नाहीं असें ठरविलें, आणि त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. ज्यांनीं पुढें १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें आणि १९५८ सालीं भारतरत्न हा किताब ज्यांना मिळाला, त्यांना त्या दिवशीं आल्या पावलीं परतावें लागलें. आमची हमरस्त्याची वाट भरते एकशें ऐंशी किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तितकीच. त्यांचें चार दिवसांचें चालणें आम्हीं उलट दिशेनें एका दिवसांत बसविण्याचें योजिलें होतें. यांत बरोबरीचा आव मुळींच नव्हता. इंजिनावर बसणाऱ्यानें पायीं चालणाऱ्याशीं बरोबरी सांगूं नये.

आम्ही सारे शाळेपासूनचे सोबती, आतां पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे. एक डॉक्टरीणबाई, स्वतःची गाडी स्वतः हांकणाऱ्या, एक गणिताचे प्राध्यापक, एक बँकेंतील गृहस्थ, एक मी, आणि पांचवे आमचे वकीलमित्र, जे प्राध्यापकांच्या मागें बसून रस्त्याची वकिली करणार होते. गाड्या चार. त्यांत बँकवाल्यांची सर्वांत लहान व सर्वांत जुनी, आणि घाटाचा सरावही त्यांनाच सर्वांत कमी. निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं त्यांच्याच घरीं बैठक झाली व तीन नियम ठरले. सर्वांत लहान गाडी पुढें चालेल. फांटा आला कीं मागचा दिसेपर्यंत पुढच्यानें थांबावें. सूर्यास्तानंतर गाडी रस्त्यावर असूं नये. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या मातोश्रींनीं हें सारें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "अरे, नियम चांगले आहेत, पण ते मोडायची वेळ संध्याकाळींच येते. उशीर झाला तर जिथें असाल तिथें राहा आणि मला कळवा. म्हणजे मी वाट पाहत बसणार नाहीं, सुखानें झोंपेन."

सकाळीं सातला सातारा सोडलें. वेण्णेच्या खोऱ्यानें मेढें आणि पुढें केळघरचा घाट चढून महाबळेश्वर. तेथून थोड्या अंतरावर क्षेत्र महाबळेश्वर आहे. तेथें कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री व सावित्री या पांच नद्यांचा उगम मानितात. सकाळपासून जिच्या सोबतीनें आम्ही वर आलों ती वेण्णा कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राकडे जाते. आतां जिच्या सोबतीनें उतरावयाचें ती सावित्री पश्चिमेस वळून बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. एकाच माहेरच्या या दोन मुली दोन समुद्रांना दिलेल्या आहेत, असें वकीलसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या त्या दिवशींच्या वाक्यांपैकीं तेवढें एक सर्वांनीं मान्य केलें.

महाबळेश्वरची उंची सुमारें १,३७० मीटर. तेथून आंबेनळी घाटानें, प्रतापगड जवळ ठेवून, सुमारें चाळीस किलोमीटरांत पोलादपूर, म्हणजे जवळजवळ कोंकणची सपाटी. सकाळीं चढविलेले लोकरी कपडे एकेका वळणावर उतरवावे लागतात. उतारावर ब्रेक सारखा दाबून धरला तर तो तापतो व त्याची पकड सैल होते; म्हणून गाडी दुसऱ्या गिअरांत टाकून इंजिनाच्या ओढीवरच ती आवरावी. दोन गाड्यांतलें अंतर किती असावें याचा हिशेब प्राध्यापकांनीं दिला: ताशीं ५० किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १४ मीटर जाते, आणि डोळ्यांनीं पाहिलेलें हातापर्यंत पोंचण्यासच सेकंदभर लागतो. सबब दोन सेकंदांचें अंतर हें भित्रेपण नसून साधा त्रैराशिकाचा भाग आहे.

याच घाटांत २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांना महाबळेश्वरच्या सहलीस घेऊन निघालेली बस दरींत कोसळली. तींतून एकच माणूस वांचला. तेहि एकमेकांचे सोबती होते, सुट्टीचा दिवस आनंदांत घालवावा म्हणून निघालेले. त्यांची वाट आमचीच, फक्त दिशा उलटी. आम्हीं एका रुंद जागीं गाड्या उभ्या केल्या, इंजिनें बंद केलीं आणि कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. त्यानंतर पोलादपुरापर्यंत वकीलसाहेबहि गप्प होते.

पोलादपुरास जेवण झालें. दुपारच्या उन्हांत कशेडीच्या वाटेला लागलों तोंच बँकवाल्यांच्या गाडीचें मागचें चाक बसलें. पंक्चर काढणारा सांपडून काम पुरें होण्यास दीड तास गेला. बोगद्यामुळें आतां बराच घाट वांचतो. तरीहि खेडला पोंचेतों सवापांच वाजले. दोहों बाजूंच्या खाचरांत भाताची कापणी उरकून उडव्या रचलेल्या होत्या, आणि सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता.

दापोली तेथून सुमारें तीस किलोमीटर आणि पुढें मुरूड दहा-बारा. मुरूडला खोल्या सांगून ठेवलेल्या, पैसे भरलेले. प्राध्यापकांचें त्रैराशिक पुन्हा पुढें झालें: "चाळीस किलोमीटर, तास-सव्वातास. अंधाराचा भाग फार तर अर्धा." हिशेबांत चूक नव्हती. डॉक्टरीणबाईंनीं मात्र हिशेब न करतां बँकवाल्यांना विचारलें, "तुझे हात कसे आहेत?" ते थोडे थांबून म्हणाले, "खरें सांगूं? तासाभरापासून ते माझे राहिलेले नाहींत. तुम्ही पुढें जा, मी सकाळीं येतों." त्या शेवटच्या वाक्यानेंच निकाल लागला. चौघांनीं पुढें जाऊन एकट्याला मागें ठेवायचें, तर मग सोबत ती कसली? आम्ही सर्वजण खेडला राहिलों. खोल्यांचे पैसे बुडाले आणि मुरूडचा सूर्यास्त आमच्याविना झाला. मातोश्रींना फोन लाविला, तेव्हां त्यांनीं कारण विचारलें नाहीं. "जेवलांत का?" एवढेंच विचारलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ताज्या हातांनीं निघून न्याहारीच्या वेळेस मुरूड गांठलें. दुर्गादेवीचें देऊळ, नारळी-पोफळींच्या वाड्या आणि त्यांपलीकडचा शांत समुद्र पाहतांना आदल्या सायंकाळचा थकवा उरला नव्हता. एका दिवसाच्या प्रवासाला दीड दिवस लागला. साताऱ्याहून निघालेले पांचही जण मुरूडला उभे होते, हा हिशेब आम्हांला पुरेसा वाटला.

तेव्हां ज्या घरांतून तरुण मंडळी अशा प्रवासास निघतात, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना एक विनंति आहे. चालविणारा व मागें बसणारा, दोघांच्याहि डोक्यावर हेल्मेट असलें पाहिजे. तो कायदाच आहे, त्यांत चर्चेला जागा नाहीं. परंतु परवानगी देण्यापूर्वीं आणखी तीन गोष्टी विचाराव्या. तुमच्यांत सर्वांत सावकाश कोण, आणि तो पुढें चालणार कीं मागें? सूर्य मावळेल तेव्हां तुम्ही कोठें असाल? आणि 'आतां पुरे' असें एकानें म्हटलें, तर बाकीचे थांबतील का? या तिन्हींचीं उत्तरें नीट मिळालीं, तर खुशाल जाऊं द्यावें. आणि उशीर झाल्याचा फोन आला, तर पहिल्या वाक्यांत रागावूं नये. ज्याला घरच्या रागाचें भय वाटतें, तोच अंधारांत गाडी दामटतो.