ऋतुशूल, गोळी आणि संततीची इच्छा

पस्तीस वर्षें वर्गांत संधि-समास शिकविलेल्या माणसानें या विषयावर लेखणी उचलावी, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या दुखण्यापायीं घरांतील लेकीसुनांस दर महिन्यास दोन-तीन दिवस अंथरूण धरावें लागतें, त्याविषयीं वडीलधाऱ्यांनीं मौन धरावें ही रीत आम्हांस कधींच रुचली नाहीं; आणि ज्या संस्कृत भाषेच्या सेवेंत आमचें आयुष्य गेलें, तिनेंहि असला संकोच बाळगलेला नाहीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत स्त्रीरोगांचे वीस प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'उदावर्तिनी' हा एक आहे. त्यांत रज मोठ्या कष्टानें बाहेर पडतें, आणि तें मोकळें होतांच रुग्णेस लागलीच सुख वाटतें. आजचे डॉक्टर ज्यास प्राथमिक ऋतुशूल म्हणतात, त्याच्याशीं हें वर्णन पुष्कळ जुळतें. जातां जातां एक सांगतों: 'आर्तव' हा शब्द 'आर्त' म्हणजे पीडित यापासून आला, असें शिकलेले लोकहि समजतात. तो 'ऋतु' शब्दापासून झाला आहे. वेदना त्या शब्दांत नाहीं, आणि ती प्रत्येकीनें सोसलीच पाहिजे असा शास्त्रार्थहि कोठें नाहीं.

या वेदनेवरील आजच्या उपायांत गर्भनिरोधक गोळी हा एक प्रमुख उपाय आहे. पाळीच्या वेळीं गर्भाशयाच्या अस्तरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. त्यांच्यामुळें गर्भाशयाचे स्नायु आवळतात व कळा येतात. गोळीमुळें स्त्रीबीज सुटणें थांबतें आणि अस्तर पातळ राहतें. अस्तर पातळ, म्हणून तीं द्रव्यें थोडीं, आणि म्हणून कळाहि थोड्या. मुंबईस १९२१ सालीं रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं संततिनियमनाचें केंद्र काढलें, तेव्हां असली गोळी अस्तित्वांत नव्हती. पुढें अमेरिकेंत पहिली गोळी मान्य झाली ती १९५७ सालीं, आणि तीहि पाळीच्या विकारांवरील औषध म्हणून. गर्भनिरोधनासाठीं तिला परवानगी मिळाली १९६० सालीं. अविवाहित मुलीच्या कपाटांत गोळीचें पाकीट दिसलें म्हणून कुजबुज करणाऱ्यांनीं हा क्रम ध्यानांत ठेवावा.

आतां अशा मुलीचें लग्न होतें, आणि यथाकाल पतिपत्नींस मूल हवेसें वाटतें. मग घरांत सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. "गोळीचें विष अंगांत मुरलेलें असतें, सहा महिने आधीं बंद करा"; "इतकीं वर्षें घेतली, आतां कूस उजवणें कठीण." यांपैकीं एकहि म्हणणें खरें नाहीं. गोळींतील द्रव्यें थोड्याच दिवसांत शरीरांतून निघून जातात, आणि बहुतेक स्त्रियांस स्त्रीबीज सुटण्याचा क्रम कांहीं आठवड्यांतच पूर्ववत् होतो. वर्षानुवर्षें घेतल्यानेंहि वंध्यत्व येत नाहीं. पूर्वीं डॉक्टर एक-दोन पाळ्या जाऊं द्या म्हणत, तें दिवस मोजणें सोपें जावें म्हणून. आतां तें काम सोनोग्राफी करते. पहिल्याच महिन्यांत दिवस राहिले तरी गोळीमुळें गर्भास अपाय होत नाहीं. मात्र तीन महिने पाळीच आली नाहीं, तर प्रथम गर्भ आहे कीं नाहीं तें पाहावें आणि मग डॉक्टरांकडे जावें. तीन महिन्यांनीं घ्यावयाच्या इंजेक्शनची गोष्ट अर्थात् निराळी. सरकारी दवाखान्यांत तें 'अंतरा' या नांवानें मिळतें. तें थांबविल्यावर गर्भधारणेस बरेच महिने लागूं शकतात. गोळीविषयींचें पुष्कळसें भय या दोहोंच्या घोटाळ्यांतून आलें असावें, असा आमचा तर्क आहे.

खरी अडचण निराळीच आहे. गोळीनें जें दुखणें झांकलें होतें, तें गोळी जातांच उघडें पडतें.

आमच्या परिचयाच्या एका घरांत असेंच झालें. सून लग्नाआधींपासून गोळी घेत होती, तीहि केवळ पोटदुखीसाठीं. सासूबाईंच्या आग्रहानें तिनें ती सोडली. तिसऱ्या महिन्यांत दुखणें एवढें वाढलें कीं ती स्वयंपाकघरांतच घेरी येऊन पडली. सगळें घर म्हणूं लागलें, "पाहा, गोळीनें आंतून बिघडविलें." दीड वर्ष हा दोषारोप चालला. शेवटीं तपासणींत अंडाशयावर रक्ताची गांठ निघाली. तिला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. रोग होता एंडोमेट्रिओसिस. तो बहुधा मुलीच्या शाळकरी वयापासूनच असावा. गोळीनें त्यास इतकीं वर्षें दाबून ठेविलें होतें, आणि दोष मात्र तिच्याच माथीं आला. शस्त्रक्रियेनंतर त्या मुलीचें दुखणें पुष्कळ कमी झालें. वायां गेलेलें दीड वर्ष मात्र परत आलें नाहीं.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊति गर्भाशयाबाहेर वाढणें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें प्रजननक्षम वयाच्या सुमारें दहा टक्के स्त्रियांस हा विकार असतो. पाळीच्या आधींपासून सुरू होणारें व वर्षानुवर्षें वाढत जाणारें दुखणें, शौचाच्या वेळीं किंवा पतिपत्नीच्या संबंधांत होणारी वेदना, पाळी नसतांनाहि ओटीपोटांत राहणारी कळ, हीं त्याचीं लक्षणें. गोळीनें तो शांत होतो, बरा होत नाहीं. कधीं कधीं सोनोग्राफींतहि तो दिसत नाहीं आणि दुर्बिणीनें पोट तपासावें लागतें. तो असूनहि अनेकींस आपोआप दिवस राहतात. कांहींस मात्र उशीर लागतो किंवा उपचार करावे लागतात. म्हणून गोळी सोडण्यापूर्वींच स्त्रीरोगतज्ज्ञांस विचारावें: हें दुखणें मुळांत कशाचें आहे, याची तपासणी कधीं झाली काय?

मूल हवें असतांना वेदनेसाठीं पुनः तसलीं संप्रेरकें घेतां येत नाहींत, कारण तीं स्त्रीबीजच अडवितात. तेव्हां इतर उपायांवरच भिस्त ठेवावी लागते. ओटीपोटावर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक खरोखरच गुणकारी आहे. मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयबुप्रोफेन डॉक्टरांच्या सल्ल्यानें, भरल्या पोटीं, दुखणें सुरू होतांच घ्यावें. कळा असह्य होईपर्यंत वाट पाहिल्यास गुण कमी येतो. परंतु तें पाळीच्या दिवसांपुरतेंच असावें. महिन्याच्या मध्यावर घेतल्यास स्त्रीबीज सुटण्यांत अडथळा येऊं शकतो, आणि पाळी चुकल्यावर तर तें घेऊंच नये. त्या वेळीं पॅरासिटॅमॉल हें अधिक निर्धोक. पोटांतील व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांस तें आधींच सांगावें.

आणि विश्रांति. पूर्वीं बाजूस बसण्याच्या चालीमुळें स्त्रीस निदान विसांवा तरी मिळे, असें म्हणणारे लोक आम्हांस अद्यापि भेटतात. विसांवा द्यावयाचा तर तो घरांत, अंथरुणावर द्यावा. त्यासाठीं तिला दाराशीं बसविण्याचें कारण काय? त्या दोन दिवसांच्या पोळ्या मुलानें किंवा सासऱ्यानें लाटल्या, तर त्या वेड्यावांकड्या होतील, एवढेंच.

गोळी सोडण्याच्या सुमारासच, निदान एक महिना आधींपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावें आणि गर्भाचे पहिले बारा आठवडे चालू ठेवावें. त्यानें बाळाच्या मज्जारज्जूचे कांहीं जन्मजात दोष टळतात. गोळी गेल्यावर रक्तस्राव वाढतो, म्हणून रक्तांतील हिमोग्लोबिन पाहून घ्यावें. 'माला-एन' घेणाऱ्या भगिनींस ठाऊकच असेल, कीं त्या पाकिटांत एकवीस गोळ्यांखेरीज सात लोहाच्या असतात. पाकिटाबरोबर त्याहि बंद होतात.

वाट किती पाहावी? पस्तिशीच्या आंतील स्त्रीनें वर्षभर, त्यापुढील वयाच्या स्त्रीनें सहा महिने. आणि एंडोमेट्रिओसिस ठाऊक असेल किंवा दुखणें तीव्र असेल, तर याहून लवकर सल्ला घ्यावा. त्या वेळीं पतीचीहि तपासणी व्हावी. पुरुषाची तपासणी सर्वांत सोपी असून आमच्या घरांत ती सर्वांत शेवटीं होते, हें आम्ही वारंवार पाहिलें आहे.

चालू पाकीट संपवून थांबावें, म्हणजे पाळीचा हिशेब लागतो. ज्या भिंतीवरील पंचांगावर दुधाचे खाडे मांडतां, त्यावरच गोळी सोडल्याची तारीख, पुढील प्रत्येक पाळीचे दिवस आणि कोणत्या दिवशीं किती दुखलें, हें टिपून ठेवावें, आणि डॉक्टरांकडे जातांना तीं पानें बरोबर न्यावीं.