दोन तुर्भे आणि सांगकाम्या

आम्हा मानखुर्दकरांना दोन तुर्भे ठाऊक असतात. एक अलीकडचे, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे ते, ज्याला इंग्रजीत ट्रॉम्बे म्हणतात. दुसरे खाडीपलीकडे, नव्या मुंबईत. एकाच नावाची दोन गावे ही आपल्याकडची जुनीच अडचण. पुण्याजवळच्या आंबेगावांचा गुंता वाडवडिलांनी ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ म्हणजे धाकटे आणि थोरले, असे फारसी शेपूट जोडून सोडवला. पण संगणकाला धाकटे-थोरले काय कळणार?

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्याची पाने सांभाळते मीडियाविकी नावाची प्रणाली. गंमत अशी, की पानावर दिसणारे छायाचित्र बहुधा त्या पानात नसतेच! पानात असते फक्त त्याचे नाव. चित्र असते ‘कॉमन्स’ या २००४ साली उघडलेल्या सामाईक कोठारात. आपण पान उघडले, की प्रणाली ते तिथून आणून मांडते. म्हणजे भांडे एकच, आणि पंगती अनेक.

माहितीचे मात्र बरीच वर्षे असे कोठार नव्हते. एका गावाचे पान पन्नास भाषांत असेल, तर प्रत्येक पानावर उरलेल्या एकोणपन्नास भाषांचे दुवे निराळे लिहावे लागत. हे कंटाळवाणे काम आपोआप चालणारे प्रोग्रॅम करीत. मराठी मंडळींनी त्यांना ‘सांगकाम्या’ हे नाव दिले आहे. (परिभाषा समितीला हे सुचले नसते, हे माझे खाजगी मत!) २०१२ साली ‘विकिडेटा’ आले आणि पुढल्याच वर्षी हे दुवे तिथे एकत्र गेले. तिथे प्रत्येक गोष्टीला क्यू अक्षर आणि त्यापुढे एक आकडा मिळतो. दोन तुर्भे, दोन आकडे, घोटाळा मिटला.

मिटला, पण जोडणारा जागा असेल तरच. खाडीपलीकडच्या तुर्भ्याचे पान अलीकडच्या आकड्याला जोडले, तर तिथून माहिती उचलणारी प्रत्येक भाषा तीच चूक छापणार. दुरुस्तीही अर्थात एकाच जागी होते. आणि मराठी नाव कोणी भरलेलेच नसेल, तर मराठी पानावरच्या चौकटीत इंग्रजी नाव येऊन बसते. मराठीच्या प्राध्यापकाला हे पाहवत नाही. म्हणून माझे विद्यार्थी सवडीने अशी नावे भरतात. परवा त्यांच्यात ‘ट्रॉम्बे’ की ‘तुर्भे’ असा कडाक्याचा वाद झाला. मी मुख्य नाव तुर्भे ठेवायला सांगितले. ट्रॉम्बे पर्यायी नावांत घातले, म्हणजे शोधणाऱ्याला तेही सापडेल.