रूळ आणि रस्ता (भाग ९) : ब्यूक रुळांवर चढली तेव्हा

१९३१ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ‘रिओ ग्रँड सदर्न’ ही रेल्वे कंपनी पार डबघाईला आली होती. रॉकी पर्वतातल्या चांदीच्या खाणींसाठी ऑटो मिअर्स यांनी १८९०-९१ मध्ये हा मार्ग बांधला. १८९३ मध्ये चांदीचे भाव कोसळले आणि कंपनीची घडी जी विस्कटली, ती पुन्हा नीट बसलीच नाही. रिजवे ते दुरँगो हा सुमारे २६० किलोमीटरचा मार्ग, वाटेत ३,१०० मीटर उंचीवरची लिझर्ड हेड खिंड. रुळांमधलं अंतर अवघं ९१४ मिलिमीटर. आपल्या नेरळ-माथेरानचे रूळ त्याहून अरुंद, ६१० मिलिमीटरचे आहेत.

प्रवासी मूठभर, मालही थोडा. कंपनीला आधार होता तो टपाल वाहून नेण्याच्या सरकारी कंत्राटाचा. पण टपालाच्या चार पिशव्यांसाठी वाफेचं इंजिन पेटवायचं, तर कोळसा, पाणी, ड्रायव्हर, फायरमन, गार्ड असा सगळा लवाजमा लागे. येणाऱ्या पैशांपेक्षा जाणारे जास्त.

रिजवेच्या वर्कशॉपचे प्रमुख जॅक ओडेनबॉ यांनी यावर उपाय काढला. त्यांनी ब्यूक ‘मास्टर सिक्स’ मोटार घेतली. तिची पुढची चाकं काढून तिथे चार लोखंडी चाकांचा छोटा गाडा बसवला. मागचा भाग काढून टाकला आणि तिथे ट्रकसारखा हौदा जोडला. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने उंच कड असते. ती गाडीला रुळावरून घसरू देत नाही आणि वळणावर रूळच गाडीला वळवतात, त्यामुळे स्टिअरिंगची गरजच उरली नाही. पुढे माणसं, मागे टपाल आणि किरकोळ सामान, आणि हे सगळं चालवायला एक ड्रायव्हर पुरेसा!

ही गाडी दोनच वर्षं चालली, पण तेवढ्यात तिने आपली उपयुक्तता सिद्ध केली. १९३६ पर्यंत अशा सात गाड्या तयार झाल्या. नंतरच्या गाड्यांसाठी बहुतेक वेळा पिअर्स-ॲरो या त्या काळातल्या आलिशान मोटारीची बॉडी वापरली गेली. मंदीच्या काळात श्रीमंतांच्या जुन्या मोटारी अशा कामाला लागल्या. त्यातल्या चार गाड्यांना मागे चक्क मालडबा जोडलेला होता. अंगाला चंदेरी रंग आणि चाल दुडकी. चढावर इंजिन तापलं की थंड करण्यासाठी बॉनेटची झाकणं दोन्ही बाजूंना उघडून ठेवत, ती पंखांसारखी दिसत. लोकांनी त्यांना ‘गॅलपिंग गूज’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे उधळलेला हंस. कंपनीच्या कागदोपत्री मात्र त्या साध्या ‘मोटार’च राहिल्या.

१९४५ मध्ये तीन गाड्यांवर बसची बॉडी चढली, पुढच्या वर्षी युद्धात उरलेली जीएमसी इंजिनं आली. १९५० मध्ये टपालाचं कंत्राट रस्त्यावरच्या वाहतूकदारांकडे गेलं. मग मालडब्यांना मोठ्या खिडक्या पाडून तिथे पर्यटक बसवले गेले आणि दारावर धावणाऱ्या हंसाचं चित्र आलं. तेही दोनच वर्षं टिकलं. शेवटी मार्ग बंद झाला, तेव्हा तिथले रूळ उखडण्याचं कामही याच गाड्यांनी केलं.

वाफेच्या इंजिनाची जागा या मोटारींनी कधीच पूर्णपणे घेतली नाही. जड माल अखेरपर्यंत इंजिनंच ओढत होती. मात्र दिवाळखोर रेल्वेची टपालसेवा जवळपास वीस वर्षं चालू राहिली, ती मुख्यतः या मोडक्या मोटारींच्या जिवावर. रिजवेच्या त्या कारागिरांचं श्रेय इतिहासाने ठळकपणे नोंदवायला हवं.

सुदैवाने सातपैकी सहा गाड्या आजही शिल्लक आहेत. पाच क्रमांकाची गाडी दुरुस्त होऊन पुन्हा रुळांवर धावली. दोन, सहा आणि सात क्रमांकाच्या गाड्या डेन्व्हरजवळ गोल्डनच्या कोलोरॅडो रेलरोड म्युझियममध्ये आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांचं त्या बाजूला जाणं झालं, तर त्यांनी मुलांना घेऊन हे संग्रहालय अवश्य पाहावं.

(पुढील भागात : दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात आगगाडीचे डबे ओढणाऱ्या जीप)