राब, रोप आणि माहितीपट

कॅमेऱ्यासमोर जे घडेल ते टिपले की माहितीपट झाला, असा एक समज आहे. प्रत्यक्षात माहितीपटात दोनदा निवड करावी लागते. काय टिपायचे हे चित्रीकरणाच्या वेळी ठरते. त्यातले काय ठेवायचे आणि कशापुढे काय जोडायचे, हे संकलनाच्या वेळी ठरते. या दोन्ही निवडी प्रामाणिकपणे करायला शिकणे, हाच माहितीपटाचा पहिला धडा होय.

या धड्याचे एक जुने उदाहरण महाराष्ट्रातच आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ करण्यापूर्वी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचा एक छोटा पट तयार केला. थांबून थांबून एकेक चौकट टिपल्यामुळे अनेक दिवसांची वाढ पडद्यावर थोडक्या वेळात दिसली. डोळ्यांना न जाणवणारी हालचाल कॅमेऱ्याने दाखवली, आणि हा पट पाहून पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळाले.

असा प्रयोग आज शाळेतही करता येतो. त्यासाठी साधा मोबाइल पुरतो. मनोरचे उदाहरण घेऊ. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे हे गाव वाहनांच्या वर्दळीसाठी ओळखले जाते. पण परिसरातले मुख्य पीक भात, आणि भाताची सुरुवात राबापासून. पावसाळ्यापूर्वी जमिनीच्या तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत पसरून ते जाळतात आणि पाऊस पडला की तिथे बी पेरतात. राब भाजल्याने तणाचे बी मरते, राख मिळते, असा शेतकऱ्यांचा अनुभव. उलट, टहाळासाठी झाडे छाटली जातात आणि ज्याचे खत झाले असते तो पाला जळून जातो, असा आक्षेप. मग राब भाजावा की नाही? माहितीपटाला हवा तसा हा प्रश्न आहे. तो खरा आहे, त्याला दोन बाजू आहेत, आणि त्यातला काही भाग डोळ्यांनी पाहून तपासता येतो.

चित्रीकरण

कॅमेरा हातात घेण्यापूर्वी प्रश्न एका वाक्यात लिहावा : ‘भाजलेल्या आणि न भाजलेल्या वाफ्यातल्या रोपांत काय फरक पडतो?’ त्यासाठी शेजारी शेजारी दोन वाफे घ्यावेत. बी एकच, पेरणीचा दिवस एकच, माती एकच. फरक फक्त भाजण्याचा. प्रयोगाचा हा नियम कॅमेऱ्यालाही लागू आहे. दोन्ही वाफे सारख्याच अंतरावरून, सारख्याच उंचीवरून आणि दिवसाच्या एकाच वेळी टिपावेत. एक वाफा सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि दुसरा ढगाळ दुपारी टिपला, तर पहिला अधिक हिरवा दिसेल. पण तो फरक उजेडाचा असेल, राबाचा नव्हे.

आता थोडा हिशेब. पडद्यावर सेकंदाला २५ चौकटी सरकतात असे धरू. रोपे लावणीला येईपर्यंतच्या २५ दिवसांत रोज एकच छायाचित्र घेतले, तर सगळी वाढ एका सेकंदात संपेल. दहा सेकंदांचे दृश्य हवे असल्यास २५० छायाचित्रे लागतील, म्हणजे रोज दहा. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत तासाला एक घेतले की झाले. मोबाइल दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून जमिनीत एक खुंट पक्का रोवावा, वर पावसापासून आडोसा करावा.

इतर दृश्यांसाठी तीन अंतरे लक्षात ठेवावीत. लांबून शेत दाखवावे, मध्यम अंतरावरून काम करणारी माणसे, आणि जवळून हात, राख, अंकुर. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद, कॅमेरा न हलवता घ्यावे. मुलाखतीपूर्वी परवानगी घ्यावी आणि ‘राब चांगला ना?’ असे न विचारता ‘राब कशासाठी भाजता?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले असते. बोलणारा वारली बोलीत बोलत असेल तर तीच बोली राहू द्यावी आणि खाली प्रमाण मराठीत ओळ द्यावी. वाऱ्याच्या दिवशी मोबाइल बोलणाऱ्याच्या जवळ न्यावा; चित्र थोडे हलके असले तर चालते, ऐकू न येणारे बोलणे मात्र वाया जाते.

संकलन

रोज टिपलेल्या दृश्यांची नोंद वहीत करावी : तारीख, वेळ, वाफा कोणता, काय दिसते. संकलन खरे तर या वहीपासून सुरू होते. प्रत्येक दृश्यासाठी एक चिठ्ठी करून त्या जमिनीवर मांडाव्यात, क्रम बदलून पाहावा, आणि मगच यंत्राकडे वळावे.

क्रमात किती ताकद असते, हे रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या सुमारास दाखवले. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्यांनी एकदा सूपच्या वाडग्याला आणि एकदा शवपेटीला जोडला. प्रेक्षकांना एकदा त्यावर भूक दिसली, एकदा शोक. अर्थ चेहऱ्यात नव्हता, जोडणीत होता.

आपल्या पटातही हेच घडू शकते. राबाच्या धुरापुढे छाटलेले झाड जोडले की राब दोषी ठरतो. धुरापुढे हिरवीगार रोपे जोडली की तो निर्दोष सुटतो. दोन्ही पट खऱ्याच दृश्यांचे असतील, तरी दोन्ही अपुरे असतील. म्हणून तीन पथ्ये पाळावीत. दोन्ही वाफ्यांना सारखा वेळ द्यावा. वेळ आकसून दाखवला असेल तेथे दिवसांचा आकडा पडद्यावर लिहावा. आणि अपेक्षेविरुद्ध गेलेले दृश्य केवळ गैरसोयीचे म्हणून कापू नये.

कच्चा पट तयार झाला की प्रथम ज्यांच्या शेतात चित्रीकरण केले त्यांना दाखवावा. ‘आम्ही असे म्हटले नव्हते’ असे त्यांनी सांगितले, तर मूळ मुलाखत पुन्हा ऐकून जोडणी दुरुस्त करावी. एका हंगामातल्या दोन वाफ्यांवरून राबाचा शेवटचा निवाडा होत नाही, हेही पटाच्या अखेरीस स्पष्ट सांगावे. पुढच्या वर्षीच्या मुलांना तोच प्रयोग पुन्हा करता यावा म्हणून वही मात्र शाळेत जपून ठेवावी.